ट्रान्स्फर केस वर घ्यावा का?

प्रश्न : माझ्याकडे जिप्सी किंग आहे. पावसाळ्यात चोरल-पाताळपाणीकडच्या कच्च्या वाटांवर जातो. दगड ओलांडताना खालून ठोका बसतो. मेकॅनिक म्हणतो, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) दोन इंच वर घेऊ, थोडा पत्रा कापावा लागेल. करू का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आधी गाडी पिटवर घ्या आणि ताजे ओरखडे कुठे आहेत ते टॉर्चने बघा. ते डिफरन्शियलच्या, म्हणजे अॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याच्या, पोटावर असतील, तर ट्रान्स्फर वर घेऊन काडीचा उपयोग नाही. डिफरन्शियल अॅक्सलवर बसलेलं. त्याला उचलतं फक्त चाक. स्प्रिंगचे पाटे उंच केले तरी ते जागचं हलत नाही, पण गाड्या सजवणारे हे सांगत नाहीत. 205/70 आर 15 च्या जागी 215/75 आर 15 टायर घातला, तर व्यास साधारण 36 मिमी वाढतो आणि डिफरन्शियल त्याच्या निम्मं, 18 मिमी उचललं जातं. टायर बदलण्याआधी आरटीओत मात्र विचारा. गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच.

ओरखडे ट्रान्स्फरखालच्या प्लेटवर असतील, तर मेकॅनिक बरोबर बोलतोय. गाडी उंचवट्यावर चढून मधोमध टेकते ती तिथेच. जिप्सीत हे काम जमतंही, कारण तिचा ट्रान्स्फर गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबर माउंटिंगवर चासीला धरलेला असतो. मधे एक आखूड शाफ्ट. खरी गोम त्या आखूड शाफ्टमध्येच आहे. त्याच्या दोन टोकांच्या क्रॉसमध्ये (कोनात वळणाऱ्या सांध्यांमध्ये) 300 मिमी अंतर धरलं, तर 25 मिमी उचलल्यावर कोन जवळजवळ 5 अंशांनी बदलतो; दोन इंचाला दुप्पट. क्रॉसवर फिरणारा शाफ्ट कोनात असला की एका फेरीत दोनदा त्याचा वेग कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच ते एकमेकांत फिटतं, नाहीतर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. म्हणून ट्रान्स्फर पुढून-मागून सारखा, सरळ वर घ्यायचा. तिरका झाला तर शाफ्ट बिघडतातच, शिवाय लेव्हल प्लगवरून तेलाचा अंदाजही चुकतो.

माझं मत, एक इंचावर थांबा. दोन इंचाला पत्रा कापा, लिव्हर वाकवा, स्पीडोमीटरची केबल पुन्हा बसवा, असं एकातून एक निघत जातं. एक इंचालाही बोल्ट कसण्याआधी ट्रान्स्फर जॅकवर धरून लिव्हर सगळ्या जागांवर फिरवून बघा आणि वर पत्र्याला बोटभर जागा उरते का ते पाहा; रबरावर तो हलणारच. माउंटिंगचे ब्रॅकेट जाड प्लेटचे नवे करून घ्या, सांवेर रोडला वेल्डिंगवाल्यांची वाण नाही. वॉशरची चळत लावून लांब बोल्ट ठोकणाऱ्याला हात जोडा. लो गिअरमध्ये ट्रान्स्फर जो पीळ खातो, त्यापुढे ती चळत टिकत नाही. काम झाल्यावर बायपासवर पळवून बघा, पुढच्या चाकांचे हब मोकळे ठेवून, म्हणजे पुढचा शाफ्ट फिरणार नाही. तरी थरथर आली, तर दोष पुढच्या शाफ्टचा नाही. मधला आणि मागचा तपासायचा.

प्रश्न : हेच जुन्या महिंद्रा जीपला चालेल का?
– एक वाचक, महू

उत्तर : नाही. तिचा ट्रान्स्फर थेट गिअरबॉक्सला बोल्टनं जोडलेला. तो वर घ्यायचा म्हणजे मागचा क्रॉसमेंबर उचलून इंजिनसकट सगळं कलवायचं. खाली 6 मिमीची प्लेट लावा आणि दगड बघून गाडी घाला.