आई जिमला जायला तयार नाही

"आईची जिमची वर्षाची फी भरलीय, पण ती एक दिवसही गेलेली नाही. तुम्ही जरा समजवा ना." मी साताऱ्यात समुपदेशक आहे, मला असे फोन वरचेवर येतात. मुलगा किंवा मुलगी पुण्यात नोकरीला, आई-वडील इथं. मुलांची काळजी खरी असते. पण आईला नेमकं काय वाटतं, हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं.

त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि नाव देत नाही. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, म्हणून आपण त्यांना बाईच म्हणू.

बाई आल्या तेव्हा निवृत्तीला वर्ष होत आलं होतं. पहाटे तीनला झोप मोडायची, ती परत लागायची नाही. जेवणावरची वासना गेलेली, शेजारी हळदीकुंकवाला जाणंही बंद. गुडघे धरायचे. थायरॉईड ठीक होतं, पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c) आकडा ६.१ टक्के आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, मुलानं लगेच फी भरली.

"जिमचं काय अडलंय, बाई?" मी विचारलं. आधी उत्तर आलं ते कपड्यांचं. तिथला ट्रेनर त्यांच्या चौथीच्या वर्गातला विद्यार्थी. "त्याच्यापुढं मी ट्रॅकपँट घालून उभी राहू?" मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "आणि वजन उचललं की अंग बाहेर येतं म्हणतात." तिसरी गोष्ट यायला मात्र पुढची भेट उजाडावी लागली. "जाऊन तरी काय करायचंय, मॅडम? आता कुणाचं काय अडतंय माझ्यावाचून?"

अंग बाहेर येण्याची, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याची भीती हसण्यावारी नेऊ नये. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू खरोखरच सैल झालेले असू शकतात. मी बाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून त्या स्नायूंचे आकुंचनाचे व्यायाम दिले आणि सांगितलं, की दम कोंडून, कुंथत वजन उचलू नका. हलक्यापासून सुरुवात करा आणि वजन उचलताना श्वास सोडा. भीतीला नीट उत्तर मिळालं, तेव्हाच ती सैलावली.

इथं मला मनापासून एक म्हणायचंय. हा जिल्हा खाशाबा जाधवांचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानानं १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्याकडं गावोगाव तालमी झाल्या, पण पोरांसाठी. बायकांच्या वाट्याला हंडे, भारे, पाट्या आल्या आणि तेव्हा अंग बाहेर येईल म्हणून कुणी त्यांना थांबवलं नाही. कष्ट भरपूर झाले, कसरत कधी मिळाली नाही. म्हणून साठीच्या आसपासची बाई जिममध्ये वजन उचलताना दिसली, की मला फार बरं वाटतं.

बाईंचा आणखी एक मुद्दा होता, "मी चार भिंतीपर्यंत चालते की." (चार भिंती हे साताऱ्यातलं टेकडीवरचं ठिकाण.) चालणं उत्तमच, ते सोडू नये. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस दोन्हींची आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. काम करणारा स्नायू तर इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत असला तरी साखर ओढून घेतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. पाळी गेल्यावर हाडं विरळ होत जातात, त्यांनाही योग्य बेतानं ताण मिळावा लागतो.

तरीही एवढी माहिती ऐकून बाई जिमला गेल्या नसत्या. खरा प्रश्न त्यांच्या त्या तिसऱ्या वाक्यात होता, "आता कुणाचं काय अडतंय माझ्यावाचून?"

प्रश्नावलीत मध्यम तीव्रतेचं नैराश्य दिसत होतं. जीव द्यायचे विचार नव्हते, हे मी स्पष्ट विचारून घेतलं. मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिलं आणि औषध लगेच नको, समुपदेशन चालू ठेवून महिन्यानं परत बघू असं ठरवलं. मी बाईंना दिवसाची तासावार नोंद ठेवायला सांगितली. अकरा ते पाच हा रकाना कोरा. उभी नोकरी ज्या घंटेवर चालली, ती बंद झाली होती आणि तिच्या जागी काहीच आलं नव्हतं.

"मन लागायला लागलं की जाईन," त्या म्हणायच्या. नैराश्यात ही वाट बघणं माणसाला आणखी आत ओढतं. आधी छोटी कृती करायची, मन नाही म्हणत असलं तरी. मनाला मागून यायला वेळ द्यायचा. म्हणून आम्ही वेळ ठरवली अकराची, शाळा भरायची. त्या वेळी जिम रिकामी असते. कपडे रोजचा पंजाबी ड्रेस आणि बूट. पहिल्या आठवड्यात फक्त जायचं, दहा मिनिटं बसायचं आणि परत यायचं.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी करून घेतला. मग ट्रेनरनं खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, एका पायावर तोल धरणं एवढ्यावरच सुरुवात केली.

गौरी-गणपतीत खाडा पडला. पाहुणे, मग दमणूक, मग "आता काय तोंड दाखवायचं." त्या ट्रेनरचा फोन गेला, "बाई, सलग गैरहजर? दाखला पाठवा नाहीतर उद्या या." बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. माझ्या मते बाईंच्या बाबतीत मशिनांइतकंच काम या फोननं केलं. आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हे त्यांना वर्षभरात पहिल्यांदा जाणवलं. घरी एकटीनं व्हिडिओ बघून व्यायाम करण्यात हे मिळत नाही.

सहा महिन्यांनी साखर ६.१ वरून ५.९ झाली. वजन जेमतेम दोन किलो उतरलं, मुलाला ते कमी वाटलं. पण झोप पाचपर्यंत लागू लागली, आणि एका लग्नात बाई पंगतीला खाली बसून हात न टेकता उठल्या. ते मला सांगताना त्यांचा चेहरा शिक्षक दिनाच्या सत्कारासारखा फुलला होता. समुपदेशन या काळात चालूच होतं. जिम त्याच्या जोडीला होती, त्याच्या जागी नव्हती. नैराश्य तीव्र असेल तर माणसाला अंथरुणातून उठणंही जमत नाही, तिथं आधी उपचार लागतात.

आता ज्यांनी फी भरून ठेवलीय किंवा भरणार आहेत, त्यांच्यासाठी. वर्षाची भरू नका, एक महिन्याची भरा. पहिल्या दिवशी रक्तदाब, गुडघे, चालू औषधं विचारणारी जागा बघा. आल्या आल्या पावडरचा डबा पुढं करणारी किंवा महिन्यात दहा किलो उतरवू म्हणणारी टाळा. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं, हे आईला आणि ट्रेनरला दोघांनाही सांगून ठेवा. आणि पहिल्या दिवशी रजा टाकून तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा.