परसातला दयाळ ओळखताना

परसातल्या माडाच्या शेंड्यावर बसून पहाटे गाणारा काळा-पांढरा पक्षी कोणता, असे तुम्ही पत्रात विचारले आहे. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे तो शेपटी वारंवार उभारत असेल, तर तो बहुधा दयाळच आहे. परंतु केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. नराचे डोके, छाती व पाठ निळसर झाक असलेली काळी, पोट पांढरे आणि पंखावर लांब पांढरा पट्टा असतो. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग असल्यामुळे नवखे निरीक्षक तिला निराळाच पक्षी समजतात.

खरा गोंधळ चीरक या दुसऱ्या पक्ष्यामुळे होतो. त्याच्या नराचे पोटही काळे असते, शेपटीखाली तांबूस डाग असतो आणि तो कुळागरापेक्षा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेपेक्षा, उघड्या, खडकाळ सड्यावर (पठारावर) अधिक रमतो. नारिंगी पोटाचा, लांब शेपटीचा शामा पक्षी मात्र गोव्यातील मोलेसारख्या दाट जंगलात शोधावा.

दयाळाला माणसाचा शेजार चालतो. कुळागरातल्या ओलसर पाचोळ्यात तो उतरतो, किडा टिपतो आणि पुन्हा खालच्या फांदीवर जाऊन बसतो. हे पाच मिनिटे शांतपणे पाहिले तरी ओळख पक्की होते. साधारण मार्च ते जुलै या विणीच्या काळात नर सर्वाधिक गातो, आणि घरटे झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या चिऱ्यांच्या भिंतीतील भोकात असते. तिथे डोकावू नका, आणि ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून नराला तर मुळीच बोलावू नका, कारण प्रतिस्पर्धी आला असे समजून तो पिल्लांना भरवण्याचा वेळ हद्द राखण्यात घालवतो.