जळगावचे शुद्ध शाकाहारी आई-वडील क्रूझवर जाताहेत. डायनिंग रूममध्ये त्यांचं जेवण नीट होईल का?

होईल, पण बुकिंग करतानाच सांगून ठेवा. नुसतं 'व्हेज' नको. 'इंडियन व्हेज' किंवा 'जैन' असं नोंदवा. परदेशी जहाजांवर साध्या व्हेजमध्ये अंडं सर्रास चालतं. शिवाय भाज्यांच्या सूपला कोंबडीचा स्टॉक असू शकतो, अस्सल पार्मेजान चीज वासराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या विरजणासारख्या पदार्थाने) बनतं आणि पन्ना कोट्टा हे सायीचं गोड पुडिंग जिलेटिनवर, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनलेल्या पदार्थावर, थिजवतात. वेटरला विचारायला लाजू नका.

मुख्य डायनिंग रूमचं जेवण तिकिटातच येतं, स्पेशालिटी रेस्टॉरंटचे सहसा वेगळे पैसे. पहिल्याच संध्याकाळी हेडवेटरला गाठा. उद्याचं आज सांगितलं, तर वेगळी डाळ-भाजी बहुतेक करून मिळते. एकेक पदार्थ सावकाश येतो, दीड-दोन तास सहज जातात. आमचे अण्णा सूप संपवून, तीन काटे बाजूला सारून, "पोळ्या केव्हा?" म्हणून किचनच्या दाराकडे बघत बसले होते!

भरिताची आशा मात्र सोडा. आगीच्या धोक्यामुळे जहाजाच्या स्वयंपाकघरात उघडी ज्योत नसते, बहुतेक सगळं विजेवर. तिथे काड्यांवर भाजलेलं वांगं कुठून आणणार? घरचं शिजवलेलं सहसा चढू देत नाहीत. सीलबंद शेव-चटणी बऱ्याच ठिकाणी चालते, तरी कंपनीचे नियम बघा. आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी अण्णांनी रिसोट्टोवर, म्हणजे इटालियन मऊ भातावर, भुरभुरली, आणि मग कुठे ताट चाटूनपुसून साफ झालं.