शिडाच्या होडीवर पोरं सावरतात का? खान्देशातून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा: जळगावात चौदा ते सतरा वयाच्या, शाळा सुटलेल्या, एकदोनदा पोलीस चौकी पाहून आलेल्या मुलांसोबत तुम्ही काम करता. परदेशात अशा मुलांना शिडाची होडी शिकवतात असं वाचनात आलं. समुद्र नसलेल्या खान्देशात हे जमेल का, आणि त्याने खरंच फरक पडतो का?

जमतं, आणि फरकही पडतो. मी पंधरा वर्षं नौदलात होतो, डिंगी म्हणजे शिडाची छोटी होडी तिथेच शिकलो. आता भुसावळला असतो आणि तापीच्या खोऱ्यातल्या एका लहान धरणावर चार हिवाळे अशाच पोरांना घेऊन जातोय.

समुद्राचं आधी सांगतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली आयएलसीए-४ या एकट्याने चालवायच्या शिडाच्या होडीच्या प्रकारात रौप्यपदक जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. आपल्याकडे हतनूर आहे, गिरणा आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी लहान-मध्यम धरणं आहेत. पाण्याची अडचण नाही. आणि जगभर लहान मुलं ज्या होडीवर शिकतात ती ऑप्टिमिस्ट मुळात सामान्य घरातल्या पोरांसाठीच बनली. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला क्लार्क मिल्स यांनी ती आखली, प्लायवूडच्या दोन शीटमध्ये बसेल अशी. शीट आठ फुटी, म्हणून होडी पावणेआठ फुटांची. तुमच्याकडच्या चौदा-सतरा वयाच्या मुलांना मात्र ती लहान पडेल. माझ्याकडे जुनी एन्टरप्राइज आहे, सव्वातेरा फुटी, दोघांची, निळ्या शिडांची.

दोघांची होडी हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चौकीत, शाळेत, घरी मोठा माणूस पोराच्या समोर बसतो आणि विचारतो, "का केलंस?" पोरगं खाली बघतं. होडीत वारा चांगला असला की दोघांना एकाच काठावर, खांद्याला खांदा लावून बसावं लागतं आणि दोघांची नजर शिडावर असते. सुकाणू मी पोराकडे देतो, पुढचं छोटं शीड मी धरतो. वळायची वेळ कोणती ते तो ठरवणार, "वळतोय" म्हणून तो ओरडणार, आणि मी दोरी सोडून बूमखालून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून, वाकून पलीकडे जाणार. एखादा मोठा माणूस आपलं ऐकतोय, हे यातल्या कित्येकांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेलं असतं.

एकाची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून. धुळ्याकडचा, पंधरा वर्षांचा, मोबाइल चोरीत सापडलेला. पहिले पाच रविवार तोंडातून शब्द नाही. वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांच्या आत आलात की शीड नुसतं फडफडतं. सहाव्या रविवारी तसंच झालं, होडी थांबली. तो घाबरून म्हणाला, "भाऊ, वारा कथा से?" म्हणजे वारा कुठे आहे? डोलकाठीच्या तारेला मी जुन्या कॅसेटच्या फितीचा वीतभर तुकडा बांधून ठेवतो. म्हटलं, माझ्याकडे नको, फितीकडे बघ. त्याने बघितलं, सुकाणू ओढलं, शीड भरलं. बराच वेळ गेला आणि तो फितीवरची नजर न हलवता म्हणाला, घरी बापाचा अंदाज असाच घ्यावा लागतो, कुठल्या बाजूने येईल ते. मी काही बोललो नाही, दोरी धरून बसलो. त्या दिवसापासून तो बोलायला लागला.

आता माझी चूक. पुढच्या हिवाळ्यात आई आजारी पडली आणि मी दोन महिने गेलो नाही. निरोप पाठवता आला असता, पाठवला नाही. धरणावर मासेमारी करणाऱ्या भोईमामांनी नंतर सांगितलं, पोरगा तीन रविवार एस.टी.ने आला, उपड्या घातलेल्या होडीशेजारी दुपारपर्यंत बसला आणि गेला. वर्षाने तो परत आला, पण सुकाणू घ्यायला तयार होईना. मार्गदर्शनाची नाती लवकर तुटली तर मुलाचं उलट नुकसान होतं, हे अभ्यासांतही दिसलंय. मी ते त्या पोराच्या चेहऱ्यावर पाहिलं. म्हणून आता प्रत्येक पोरामागे दोन मोठी माणसं ठेवतो आणि "वर्षभर येईन" असं कबूल करणाऱ्यालाच होडीला हात लावू देतो. आठवड्याभराचं शिबिर घेऊन, टी-शर्ट वाटून निघून जायचं असेल तर कृपा करून सुरूच करू नका.

बाकीचं थोडक्यात. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी काढा आणि मासेमारी संस्थेशी आधी बोला, कारण जाळी कुठे आहेत आणि पाण्याखाली जुन्या बाभळींची खोडं कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात कधी पाणी सोडतील सांगता येत नाही, मे महिन्यात गाळ आणि पंचेचाळीसच्या पुढचं ऊन. पोहता येवो न येवो, लाइफ जॅकेट प्रत्येकाला, तुम्हालाही. सोबत मोटरची एक होडी हवीच. आणि फोटो टाकू नका, देणगीदारांनी मागितले तरी नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

उलटणं पहिल्याच दिवशी शिकवा, कमरेएवढ्या पाण्यात आणि मुद्दाम. होडी आडवी झाली की तिच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून होडीचा काठ ओढायचा. ती जड वाटते, मग एकदम उठते. पण त्याआधी मुलांना न आणता तुम्ही एकटे येऊन दोनतीनदा उलटून बघा. रविवारी सकाळी सातला मी पाण्यावर असतो. इथे निरोप टाका, जागा कळवतो. येताना कोरडे कपडे आणा.