टाकीतला नऊ टक्के जादा खर्च

प्रश्न: माझी पाच वर्षं जुनी, १.२ लिटर इंजिनाची पेट्रोल गाडी आहे, टर्बो नाही. महिन्याला १,२०० किलोमीटर फिरते आणि लिटरला १५ चा अ‍ॅव्हरेज देते. पुस्तिकेत किमान ९१ ऑक्टेन लिहिलंय. पंपावर ९५ ऑक्टेनचं प्रीमियम ९ टक्के महाग मिळतं. एकदा ते टाकी फुल करून भरलं तर अ‍ॅव्हरेज १५.८ आला, गाडीही हलकी वाटली. कायम तेच भरावं का? इंजिनाचं आयुष्य वाढणार असेल तर जादा खर्चाला माझी ना नाही. दीड-दोन वर्षांत टर्बो गाडी घ्यायचाही विचार आहे.

उत्तर: तुमचा १५.८ हा आकडा शंभर टक्के खरा धरला, तरी हा व्यवहार तोट्याचा आहे.

वर्षाचे १४,४०० किलोमीटर. १५ च्या अ‍ॅव्हरेजने ९६० लिटर साधं पेट्रोल लागतं. १५.८ ने ९११ लिटर प्रीमियम लागेल, पण त्याच्या प्रत्येक लिटरला ९ टक्के जादा मोजायचे. म्हणजे खिशातून जाणारे पैसे ९९३ लिटर साध्या पेट्रोलइतके. ४९ लिटर वाचले आणि ८२ लिटरचे पैसे वर गेले. हिशेब बरोबरीत यायचा तर अ‍ॅव्हरेज १६.३५ वर जायला हवा. नियम सोपा आहे: इंधन जितके टक्के महाग, तितकेच टक्के अ‍ॅव्हरेज वाढला तर मुद्दल निघतं.

आणि अ‍ॅव्हरेज वाढलाच नाही तर? मग वर्षाला ८६ लिटरचे पैसे जातात. तेवढ्या पेट्रोलमध्ये तुमची गाडी जवळजवळ १,३०० किलोमीटर चालते, म्हणजे महिन्याभराच्या फिरण्यापेक्षा जास्त. हिशेब मुद्दाम लिटरमध्ये मांडलाय, कारण भाव हलत राहतो. पण एक लक्षात ठेवा: पुष्कळदा प्रीमियमवरचा जादा आकार ठरावीक रकमेचा असतो, टक्क्यांचा नसतो. साधं पेट्रोल उतरलं की तीच रक्कम टक्क्यांत मोठी होते. त्यामुळे ‘आता पेट्रोल स्वस्त झालंय, भरू या प्रीमियम’ हा विचार नेमका उलटा आहे.

आता त्या १५.८ कडे वळू. एका टाकीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पंपाचं नोझल कुठे कट होतं यावरच लिटर-दीड लिटर इकडेतिकडे होतं. ३५ लिटर भरले असतील तर ती चूकच ४ टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय त्या आठवड्यात महामार्गावरचा एखादा फेरा जास्त झाला, एसी कमी चालला, सिग्नलवर कमी थांबलात, टायरमध्ये नुकतीच हवा भरली होती, यातलं काहीही अ‍ॅव्हरेज तेवढा हलवू शकतं. आणि महाग पेट्रोल भरल्यावर माणूस नकळत पाय जरा जपून दाबतो, हेही आहेच.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा समज सगळ्या घोळाच्या मुळाशी आहे. ऑक्टेन सांगतं ते एवढंच, की दाब आणि उष्णता वाढली तरी हे इंधन आपोआप पेटायचं किती काळ टाळू शकतं. मोजपट्टीच तशी आखलेली आहे: आयसो-ऑक्टेनला १०० गुण, एन-हेप्टेनला शून्य. एका लिटरमध्ये ऊर्जा किती, याच्याशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही. उलट, ऑक्टेन वाढवायला इथेनॉल जास्त घातलं असेल तर ऊर्जा थोडी कमीच भरते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने स्वतःच पेटलं तर धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. तेच नॉकिंग. ते टाळायला आजच्या गाड्यांत इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. त्याला खडखड जाणवली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीची वेळ काही अंश मागे घेतो आणि मग हळूहळू पुन्हा पुढे आणतो. ९१ साठी बनवलेल्या तुमच्या इंजिनाला ९१ वर वेळ मागे घ्यायची पाळी सहसा येतच नाही. मग ९५ भरून मिळणारी जादा सहनशक्ती वापरणार कोण? कपाळावर घाम नसताना पंखा लावल्यासारखं आहे हे.

हे प्रत्यक्ष मोजूनही पाहिलं गेलंय. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून चाचण्या घेतल्या. ताकद, अ‍ॅव्हरेज, धूर, कशातच म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये त्यांनी प्रीमियमची ‘शिफारस’ असलेल्या गाड्या घेतल्या. त्यांत सरासरी अ‍ॅव्हरेज २.७ टक्के वाढला आणि ताकद १.४ टक्के. म्हणजे ज्या गाड्यांना फायदा व्हायला हवा त्यांनाही तुमच्या ९ टक्क्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच परतावा.

इंजिनाचं आयुष्य हा तुमचा दुसरा मुद्दा, आणि तो जास्त वजनदार आहे. इथे ‘प्रीमियम’ या शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: एक, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, दोन, त्याच ऑक्टेनचं पण सफाई करणारी रसायनं घातलेलं पेट्रोल. काही ठिकाणी दोन्ही एकत्र असतात. ऑक्टेनने तुमचं इंजिन स्वच्छ होत नाही. रसायनांनी थोडंफार होतं, पण कुठे, ते इंजेक्शनवर अवलंबून आहे. इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा जाणाऱ्या वाटेत, पेट्रोल फवारणारी गाडी असेल तर इनटेक व्हॉल्व्ह धुतले जातात. थेट सिलिंडरमध्ये फवारणारी असेल तर त्या व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही. तिथला कार्बन कितीही भारी पेट्रोलने जात नाही, इंजेक्टरची टोकं तेवढी स्वच्छ राहू शकतात. तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरवर कळेल.

चांगली सफाई-रसायनं साध्या ग्रेडमध्येही असू शकतात. २००४ मध्ये काही मोटार कंपन्यांनी मिळून ‘टॉप टिअर’ नावाचं मानक आणलं. त्याची अटच अशी की विक्रेत्याच्या पेट्रोलच्या सगळ्या ग्रेडमध्ये ठरलेल्या दर्जाची सफाई-रसायनं हवीत. म्हणजे स्वच्छतेसाठी वरचा ग्रेड नव्हे, चांगला विक्रेता निवडायचा. तेही जमत नसेल तर पीईए, म्हणजे पॉलिइथर अमीन असलेलं इंजेक्टर क्लीनर वर्षातून एकदा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात भरलेल्या टाकीत घाला. ८६ लिटर पेट्रोलच्या किमतीशी त्या बाटलीची किंमत ताडून बघा, म्हणजे मला वेगळं काही सांगायला नको.

प्रीमियमला ‘इंजिनाचा विमा’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. विम्यात हप्ता भरला की नुकसान झाल्यावर कोणीतरी भरपाई देतं. इथे हप्ता आहे, पॉलिसी नाही. तेच पैसे वेळेवर ऑइल, एअर फिल्टर, कूलंट आणि स्पार्क प्लगवर गेले तर इंजिनाला खरोखर पोचतात. दर महिन्याला तो ९ टक्क्यांचा फरक बाजूला काढून गाडीच्या देखभालीच्या खात्यात टाका. अ‍ॅव्हरेजच हवा असेल तर आधी गाडी थंड असताना टायरची हवा तपासा आणि छतावरचा रिकामा कॅरिअर उतरवा.

तुमच्या सध्याच्या गाडीत ९५ भरायचं एकच सयुक्तिक कारण मला दिसतं: ९१ वर खडखड ऐकू येणं. चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, गरमीत ती आधी जाणवते. आधी गिअर खाली घेऊन बघा. तेवढ्याने थांबली तर दोष चालवण्याचा. तरी येत असेल तर ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, चुकीच्या हीट रेंजचे प्लग, कमी कूलंट, चोंदलेला ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा बिघडलेला सेन्सर यांपैकी काहीतरी निघतं. कार्बनचा थर जागा व्यापतो आणि तापून राहतो, त्यामुळे जुन्या इंजिनाची ऑक्टेनची भूक खरंच वाढते. दुरुस्ती होईपर्यंत महिनाभर ९५ भरणं ठीक. कायम भरत राहिलात तर दुखणं झाकलं जाईल आणि बिल दोन्हीकडून येईल.

अजूनही मनात खुटखुट असेल तर चाचणी नीट करा. सलग तीन टाक्या साधं, मग सलग तीन प्रीमियम. पंप तोच, नोझल तेच, पहिल्या आपोआप कटला थांबायचं, वरून ओतायचं नाही. प्रत्येक वेळी ट्रिप मीटर शून्यावर आणि टायरमध्ये सारखीच हवा. प्रीमियमची पहिली टाकी हिशेबात धरू नका, कारण तिच्यात जुनं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि ईसीयूलाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. उरलेल्या टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, साध्याचं वेगळं आणि प्रीमियमचं वेगळं. प्रीमियमचा आकडा साध्याच्या १.०९ पटीच्या (साधा १५ आला तर १६.३५ च्या) खाली आला तर विषय संपला.

टर्बो गाडीचं गणित मात्र निराळं, आणि ते गाडी घ्यायच्या आधी करायचं. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे नॉकिंगचा धोका मुळातच जास्त. पुस्तिकेत ‘किमान ९५’ किंवा ‘९५ आवश्यक’ असं असेल तर तिथे काटकसर करू नका. ईसीयू काही वेळ सांभाळून घेईल, पण भारी ओझ्याखाली सततच्या नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, आणि वॉरंटीत इंधनाची अट असेल तर दावाही अडू शकतो. ‘९१ चालेल, ९५ ची शिफारस’ असं असेल तर ९१ वर ताकद थोडी उतरेल, एवढंच. भावातला फरक २-३ टक्क्यांचा असेल तर ९५ भरा, ९ टक्क्यांचा असेल तर ९१. गाडी पूर्ण भरून घाट चढायचा असेल त्या दिवशी ९५ घ्या. दोन ग्रेड एकत्र झाले तरी बिघडत नाही, अर्धं ९१ आणि अर्धं ९५ मिळून साधारण ९३ होतं.

हे आकडे वाचताना मोजमाप एकच आहे का तेही पाहा. जगात बहुतेक ठिकाणी आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) लिहितात, अमेरिकेत आणि कॅनडात आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर, जास्त कडक चाचणीतला आकडा) यांची सरासरी. तिथलं ८७ म्हणजे आपल्या ओळखीचं साधारण ९१-९२, आणि तिथलं ९१ म्हणजे साधारण ९५-९६.

दोन गाड्यांची तुलना करताना ९५ लागणाऱ्या गाडीचा अ‍ॅव्हरेज १.०९ ने भागा. जाहिरातीत १७ लिहिलेली टर्बो तुमच्या खिशासाठी १५.६ चीच गाडी आहे, आणि रोजच्या गर्दीत तिचा तो १७ ही टिकायचा नाही. पाच वर्षांचे ७२,००० किलोमीटर धरा, १७ ने ४,२३५ लिटर होतात. त्यावरचे ९ टक्के म्हणजे ३८१ लिटर पेट्रोलचे पैसे. ती रक्कम टर्बोच्या ऑन-रोड किमतीत मिळवा आणि मग बिनटर्बोच्या मॉडेलशेजारी ठेवून बघा. टाकीत आत्ता प्रीमियम उरलं असेल तर ते संपू द्या, पुढच्या वेळी त्यावरच ९१ भरा.