ट्रान्समचा प्लाय सडलाय. भोकं पाडून रेझिन ओतलं तर भागेल का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: शापोराच्या नदीत हौसेने गरवायला जायला जुनी 16 फुटी फायबरची होडी घेतलीत. 25 एचपीच्या इंजिनाला जोर दिला की मागची फळी (म्हणजे ट्रान्सम, फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय भरलेला) हलते, बोल्टांच्या खालून तपकिरी पाणी पाझरतं, आणि मेस्त्री म्हणतो की चार भोकं पाडून आत रेझिन ओतू, काही होत नाही. पावसाला पंधरवडा उरलाय.

नका ओतू. लाकूड ओलं असतं तेव्हा त्याच्या रंध्रांत आधीच पाणी बसलेलं असतं, रेझिन आत जाणार कुठून? ते पोकळीत साचून घट्ट होतं, भोवतीचा सडका प्लाय तसाच राहतो आणि आतली बुरशीही. वरून ठोकलं तर फळी टणक लागते, इंजिनाचा भार मात्र अजून त्या भुशावरच असतो. घट्ट झालेला गोळा पुढे छिन्नीने काढताना दुप्पट वैताग येतो तो वेगळाच.

आपल्याकडे सगळं खापर खाऱ्या पाण्यावर फुटतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी फारसं मानवत नाही. तिला गोडं पाणी हवं, थोडी हवा आणि ऊब हवी. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. आता विचार करा, होडी माडाखाली ओढून ठेवलेली, बूच लावलेलं, आत वीतभर पावसाचं पाणी, वर सडलेली पानं. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. समुद्रात वर्षभर फिरून होत नाही ते नुकसान अंगणात चार महिन्यांत होतं. शिवाय फायबरच्या दोन थरांमध्ये पाणी शिरायला बोल्टाचं एक सैल भोक पुरतं, बाहेर पडायला मात्र वाट नसते.

आधी सड कुठवर गेलीय ते बघा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, सडक्या जागी बद्द. पण आवाजावर शेवटचा निर्णय करू नका. आतल्या बाजूने 5 मिलिमीटरच्या बिटने भोकं पाडा, बाहेरचा थर फोडू नका. बिटवर आलेला भुसा बोटांत चोळून बघा. चांगला प्लाय फिकट आणि कोरडा असतो, कुरकुरतो. सडलेला चहाच्या चोथ्यासारखा निघतो, काळपट, ओला, आंबूस वासाचा. पाणी काढायच्या बुचाजवळचं भोक चुकवू नका, सड बहुतेक वेळा तिथूनच वर चढते. तळातल्या लांब आधारपट्ट्यांची मागची टोकंही तपासा. नवी होडी म्हणून विकलेल्या कित्येक होड्यांत बुचाच्या भोकाची कापलेली कड उघडीच सोडलेली असते.

दुरुस्ती आतून करा. बाहेरचा थर शाबूत ठेवला तर होडीचा आकार आणि ट्रान्समचा कल आपोआप टिकतो. मात्र प्लाय काढण्याआधी बाहेरून सरळ फळी टेकवा, नाहीतर तो थर पोट काढतो. आतला थर कडेला चार बोटं पट्टी ठेवून कापा आणि प्लाय दिसत्या सडीच्या वीतभर पलीकडेपर्यंत काढा. इथे हात आखडला की दोन पावसांनी पुन्हा तेच काम. मग वाळवणं. पंखा, ऊन, वर ताडपत्री, आणि धीर. फायबर 40 नंबरच्या पेपरने घासून ॲसिटोनने पुसा.

नवा प्लाय घेताना शिक्का बघा, आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून साधा प्लाय गळ्यात मारतो. जुन्या प्लायची जाडी मोजून घ्या. अशा होडीला 18 मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून बहुधा बसतात. पुठ्ठ्याचा साचा काढून कापा, कडांना पातळ इपॉक्सीचे (हेही एक रेझिनच) दोन-तीन हात द्या, कारण लाकूड पाणी पितं ते कडेने. मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीत बसवा आणि बोल्टांनी आवळा. कडेने लगदा सगळीकडे थोडा बाहेर आला की थांबा. जीव खाऊन आवळलं तर सांध्यात चिकटायला काही उरतच नाही.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे आणि सगळे मेस्त्री तेच वापरतात. नव्या होडीला ते ठीकच. जुन्या फायबरवर आणि लाकडावर मात्र इपॉक्सीची पकड कितीतरी चांगली, आणि एवढ्याशा कामात फरकाचे पैसे सोसतात. इपॉक्सी घेतलीत तर वरच्या थराला साधी मॅट (सुट्या तुटक्या धाग्यांची फायबरची चादर) नको, विणलेलं फायबरचं कापड घ्या. मॅटमधला चिकटपणा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. पॉलिएस्टरच वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव्य) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, पेट घेतं. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर नंतर.

बोल्टांची भोकं मोठी पाडा, 12 च्या बोल्टाला 18 मिलिमीटर. ती घट्ट इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर मधोमध 12 चं पाडा. मग पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत जात नाही. बोल्टाखाली पॉलियुरेथेन सीलंट लावा, सिलिकॉन नको. ते सुटतं, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

आता वेळेचं. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, होड्या वर असतात, म्हणून सगळे दुरुस्ती तेव्हाच काढतात. पण त्या हवेत लाकूड वाळत नाही आणि इपॉक्सीवर तेलकट साय येते. तुमची होडी पोटाची नाही. आत्ता फक्त कापून उघडी करा, पडवीत किंवा शेडमध्ये ठेवा, दिवाळीनंतर बांधा. तोवर आणि पुढेही नाळ उंच, मागची बाजू खाली, बूच काढलेलं आणि ताडपत्रीखाली वारा खेळेल अशी ठेवा. काजूच्या टरफलांचं तेल लाकडी होडीला उत्तम, पण जिथे इपॉक्सी लावायची आहे तिथे त्याचा थेंबही नको.

मेस्त्रीकडून करून घेणार असाल तर आतला थर बंद करण्याआधी तुम्ही हजर असाल एवढी एकच अट घाला. एकदा पांढरा रंग मारला की आत काय भरलंय ते कळत नाही.