निर्वासित, धास्ती आणि रुळणे

२०१५ साली जर्मनीत आलेल्या सीरियन, इराकी आणि अफगाण लोकांवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘निर्वासित’ लिहावे की ‘शरणार्थी’, ‘सुरक्षेची भीती’ हा प्रयोग चालेल का आणि ‘इंटिग्रेशन’साठी कोणता शब्द घ्यावा, अशी एका वाचकाने विचारणा केली आहे.

पहिले उत्तर सोपे आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी कुटुंबांपासून ‘निर्वासित’ हा शब्द आपल्याकडे रुजलेला आहे. ‘शरण’ म्हणजे संस्कृतात आसरा. मराठी कानाला मात्र ‘शरण जाणे’तली हार आधी ऐकू येते, म्हणून ‘शरणार्थी’ मी टाळतो. ज्याचा अर्ज अद्याप निकाली निघालेला नाही त्याला ‘आश्रयार्थी’ म्हणावे. खुद्द जर्मनांनाही हा पेच पडला होता: २०१५ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून तेथील भाषासंस्थेने ‘फ्ल्युश्टलिंग’चे (म्हणजे ‘निर्वासित’चे) अनेकवचन निवडले, पण त्यातला ‘लिंग’ हा प्रत्यय (आपल्या व्याकरणातल्या लिंगाशी त्याचा काही संबंध नाही) काहींना हिणकस वाटल्याने ‘पळून आलेले’ अशा अर्थाचे रूप पुढे आले.

‘सापाची भीती’ म्हणजे सापापासून वाटणारी भीती. त्या न्यायाने ‘सुरक्षेची भीती’ म्हणजे पहारेकऱ्याला घाबरणे झाले. नोव्हेंबर २०१५ मधील पॅरिसचे हल्ले आणि त्याच वर्षअखेरीच्या रात्री कोलोनच्या रेल्वे स्थानकाजवळ स्त्रियांवर झालेले अत्याचार यांनंतर जर्मनीत जे पसरले, त्याला ‘धास्ती’ हा नेमका शब्द आहे. धास्ती कशाची, हेही लिहावे. ‘घातपाताची धास्ती’ म्हणणे ठीक, पण ‘मुस्लिमांची धास्ती’ म्हटले की ‘इस्लामिक स्टेट’च्या तावडीतून जीव वाचवून आलेला मुसलमानही घातपात्यांच्या पंगतीत बसवला जातो. ‘लोंढा’ तर नकोच: लोंढ्याला बांध घालतात, जर्मनीत मात्र आश्रयाच्या अर्जदारांना एकेकट्याने मुलाखतीला बोलावले जाते.

‘इंटिग्रेशन’ला मी एका नामात कोंबणार नाही. ‘समरस होणे’ यात आपली चव सोडणे आले; ‘सामावून घेणे’ हे यजमानाचे काम, तर ‘रुळणे’ हे येणाऱ्याचे. जर्मनीत २००५ पासून जो ‘इंटिग्रेशन कोर्स’ चालतो, त्यात साधारणपणे ६०० तास भाषा आणि पुढे कायदा, इतिहास व समाज यांची ओळख करून दिली जाते. म्हणजे वर्ग भरवणे हे सामावून घेणे आणि जर्मन बोलत दुकानात, कचेरीत वावरू लागणे हे रुळणे. हिजाब बांधून जर्मनमधून गणित शिकवणारी शिक्षिका रुळलेली असते, तिने समरस व्हावे की नाही हा निराळा वाद आहे. शिक्षिकांच्या हिजाबवरील सरसकट बंदी तेथील संविधान न्यायालयाने २०१५ मध्येच अमान्य केली. ‘इंटिग्रेशन फसले’ या वाक्याचा अनुवाद करताना ‘ते रुळले नाहीत’ की ‘त्यांना सामावून घेतले नाही’, यांपैकी मूळ लेखकाला काय म्हणायचे आहे ते आधी शोधावे लागेल.